दाणे उतरवायची वेळ

१

दुपारचे पावणेचार. कुंभकोणम्, मोठ्या तळ्यामागची गल्ली, एका अरुंद, लांबट घराचं मागचं स्वयंपाकघर. वैशाखातलं ऊन. घरात एकच बाई होती: वेदवती, वय बासष्ट, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गॅसवर लोखंडी कढई, कढईत वाळू, वाळूत शेंगदाणे.

झारा फिरवता फिरवता, मागे न बघता, वेदवतींनी नेहमीसारखं विचारलं, "अहो, झालं का?"

आणि बाहेरच्या खोलीतून, झोपाळ्याच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकल्याचा आवाज आला. टक, टक.

त्यांनी कढई खाली उतरवली. हाताला सवयच तशी होती. दाणे चाळणीत ओतले, वाळू गळू दिली, चाळणी एकदा झटकली, आणि तेव्हा कुठे हात थांबला.

झोपाळ्यावर बसून तसं ठोकणारा माणूस चार वर्षांपूर्वी गेला होता.

२

वेदवतींना वास येत नाही. तिशीत एक मोठा ताप आला, तो गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टरांनी थेंब दिले, मग वाफारे दिले, मग सांगितलं की माणूस वासावाचून जगतो. खरं आहे. दूध उतू गेलं की दिसतं, फोडणी जळली की डोळे चुरचुरतात. दाण्यांचं तसं नाही. वाळूत भाजलेला दाणा सालीच्या आत काय रंगावर आलाय ते दिसत नाही, आणि दाताखाली धरून बघावा तर गरम दाणा भाजलेला असो की कच्चा, मऊच लागतो. कडक होतो तो निवल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. दाणे कधी उतरवायचे हे फक्त नाकाला कळतं.

ते नाक त्या घरात नवऱ्याचं, रघुनाथरावांचं होतं. विद्युत मंडळात लाइन इन्स्पेक्टर होते. जेवण झालं की विड्याची पानं घेऊन झोपाळ्यावर बसायचे, ते चारच्या कॉफीपर्यंत. तोंडात पान, हातात पेपर. आतून विचारणा झाली की मान न उचलता फळीवर दोनदा ठोकायचे. एकदाही चुकले नाहीत. दाणा त्यांना फिका लागायचा, जेमतेम साल सुटेल इतपत. एखाद्यावर काळा ठिपका दिसला तर वाटी परत यायची. "वेदा, हे कोळसे कावळ्यांना घाल."

त्यांची आणखी एक बढाई होती. "उभा जन्म खांबांवर चढलो, एक हाड मोडलं नाही. मोडला तो एक दात, तोही तुझ्या दाण्याने."

वेदवती कधी त्यांचं नाव घेत नसत. तंजावरच्या राजांबरोबर या मुलखात आलेल्या घरांपैकी ते घर. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि त्या मराठीत बायकोने नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही. वर्गात बीजगणित शिकवणारी बाई रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की मुकाट्याने कार्ड पुढे करायची. लिहायची, बोलायची नाही. घरात "अहो" होतं, तेवढं पुरायचं. "अहो" म्हटल्यावर ओ देणारा त्या घरात एकच होता.

ते गेल्यावरही वेदवती रोज दाणे भाजत राहिल्या, आणि रोज विचारत राहिल्या. "अहो, झालं का?" बाहेरून काही येत नसे. मग त्या अंदाजाने कढई उतरवत. कधी कच्चे राहत, कधी करपत. शेजारची राजेश्वरी दोन्ही प्रकारचे दाणे मुकाट्याने खाऊन जायची.

चार वर्षं एक बाई रिकाम्या खोलीला तोच प्रश्न विचारत होती, आणि त्यात कुणाचंही नाव नव्हतं.

३

गणिताच्या बाईला आधी कारण दिसतं. ऊन कडक आहे, सागवान तडकतं. पाल असेल. पलीकडच्या गल्लीत बांधकाम चालू आहे. वेदवतींनी ही तिन्ही कारणं स्वतःला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी तपासायला बसल्या.

वाळू थंड असताना विचारलं. काही नाही. वाळू तापवून, दाणे न घालता विचारलं. काही नाही. दाणे घातल्याबरोबर विचारलं. काही नाही. झारा फिरवत राहिल्या, थोड्या वेळाने परत विचारलं.

टक, टक.

पाल दाण्यांची वाट बघत नाही, सागवान तर नाहीच नाही. बाहेर जे कोणी होतं, ते वास घेऊन सांगत होतं.

भिण्याची वेळ हीच होती. पण वेदवती भ्यायल्या नाहीत. त्या ओट्याला टेकून रडल्या. मग तोंड धुऊन त्यांनी दोन माणसांची कॉफी केली. चार वर्षांत पहिल्यांदा दुसरा टंबलर खाली उतरला. दाण्यांची वाटी आणि कॉफी झोपाळ्याच्या कडेला ठेवून, तिकडे न बघता, त्या आत आल्या. बघितलं तर मोडेल असं वाटलं.

कॉफी तशीच निवली. दाणे तसेच राहिले. तरीही पुढचे काही दिवस त्या घरात बाई गुणगुणताना ऐकू आली, असं राजेश्वरीच सांगते.

राजेश्वरी एका दुपारी पायरीवरून ओरडली, "मामी, हल्ली तुमच्याकडून काय खरपूस वास येतो! अख्खी गल्ली भुकेली होते. मामा असताना एवढे भाजत नव्हता."

"तेवढेच भाजते."

"तेवढेच म्हणे! मामांचे दाणे म्हणजे तान्ह्या पोराचे दात, पांढरे आणि मऊ. हे बघा." तिने एक दाणा चोळून साल उडवली. आत गडद तपकिरी, एका बाजूला काळपट. "मला आवडतात हो असे. आमचे वडील असेच खायचे, शेतात काम करणाऱ्यांना असेच लागतात. मामांनी मात्र वाटी फेकली असती."

ती गेल्यावर वेदवतींनी एक दाणा चावला. वास नसला तरी गोड, खारट आणि कडू एवढं जिभेला कळत होतं.

कडू होता.

४

मेल्यावर माणसाची आवड बदलत असेल. वेदवतींनी स्वतःला हेही सांगून बघितलं, आणि स्वतःच खोडलं. ज्याला शेवटपर्यंत पानाला बायकोने लावलेला चुना चालत नव्हता, तो दाण्याच्या बाबतीत असा का बदलेल?

मग त्या ऐकायला लागल्या.

रघुनाथराव झोपाळ्यावर एक पाय वर घेऊन बसायचे आणि दुसऱ्याच्या अंगठ्याने जमीन ढकलायचे. कड्यांचा आवाज सारखा यायचा, पुढे जाताना जितका, मागे येताना तितका. आता कर्र आवाज येऊन मध्येच अडकत होता, आणि त्यामागून काहीतरी फरशीवर घासत जात होतं. कर्र. फरफट. कर्र. फरफट. टाच घासली की येतो तसा. वाकत नसलेल्या पायाची टाच.

स्वयंपाकघरातून बाहेरची खोली दिसत नाही. मधल्या बोळात पाण्याचा पितळी अंडा आहे, पिंपाएवढा मोठा हंडाच तो, सासूबाईंच्या वेळचा. दर शुक्रवारी चिंचेने घासतात, त्यामुळे त्याच्या पोटात बाहेरची खोली उमटते, वाकडी, पिवळी, बोटाएवढी. चाळीस वर्षं त्या पोटात त्यांना मांडी वर घेतलेला नवरा दिसायचा, लाडवासारखा गोल.

त्या दिवशी त्यांनी झारा न थांबवता फक्त मान वळवली.

फळीच्या अगदी टोकाला कोणीतरी बसलं होतं. दुसऱ्याच्या घरी आलेला माणूस बसतो तसं, अर्ध्या मांडीवर. एक पाय समोर सरळ ताठ, बांबूसारखा. तोंड स्वयंपाकघराकडे होतं. पितळेत तोंड दिसत नाही, नुसता डाग दिसतो. तो डाग हलला. वास घेताना माणूस मान वर करतो तसा.

टक, टक.

वेदवती बोळातून धावत बाहेर गेल्या. खोलीत कोणी नव्हतं. झोपाळा मात्र एका टोकाला कलला होता, आणि त्यांच्या देखत, वजन उचललं गेल्यासारखा, हळूहळू सरळ झाला.

५

प्रद्युम्न, त्यांचा मुलगा, होसूरला नोकरीला असतो. वेदवतींनी त्याला फोन केला आणि इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "प्रद्यु, अप्पांच्या पायाला कधी काही झालं होतं का? लग्नाआधी, लहानपणी? तुला कधी बोलले?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"काय म्हणून विचारतेस, अम्मा?"

"असंच."

"असंच नाही. कोणी भेटलं का तुला? इस्पितळातलं?"

"इस्पितळाचा काय संबंध?"

"रविवारी येतो," तो म्हणाला.

आला तो सकाळीच, आणि आल्या आल्या त्याने खिशातून रुमालाची गुंडाळी काढून आईपुढे ठेवली. आत पोलादाची पट्टी होती, वीतभर लांब, भोकं पाडलेली. दोन भोकांत स्क्रू अजून बसलेले. आगीतून गेलेली, काळीनिळी, पण जशीच्या तशी.

"ही अप्पांच्या राखेत मिळाली."

मग त्याने चार वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं.

साथीच्या त्या साली गावातल्या एका मोठ्या इस्पितळात रघुनाथरावांना दाखल केलं होतं. वेदवती घरात तापाने पडलेल्या. अख्खं गाव नाकाशी कापूर धरून वास जातोय का बघत होतं. वेदवतींपाशी जायला वासच नव्हता. निरोप आला तेव्हा प्रद्युम्न एकटा गेला. त्याला जे दिलं ते प्लास्टिकमध्ये, चेन ओढलेलं. वर कागद चिकटवलेला, कागदावर वडिलांचं नाव. त्याने चेहरा बघायला मागितला.

"नियम नाही, सार्."

"मी मुलगा आहे त्यांचा."

"इथे सगळे कुणाचे तरी मुलगेच आहेत, सार्. रांग बघा तुमच्या मागची."

त्याने रांग बघितली, आणि जे दिलं ते घेतलं. दुसऱ्या दिवशी कावेरीकाठी राख चाळणाऱ्याने मडकं भरून दिलं आणि ही पट्टी वेगळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "ही नदीत सोडत नाहीत. वडिलांच्या पायाचं ऑपरेशन कधी झालं होतं?"

प्रद्युम्नने इस्पितळाला विचारलं. इस्पितळ म्हणालं, स्मशानात राख मिसळली असेल. स्मशानातले म्हणाले, ओटा रोज धुतो, तुम्ही आणलं तेच जळलं. नगरपालिका म्हणाली, इस्पितळाला विचारा. वकील म्हणाले, अशा दिवसांत असं व्हायचंच, आईला कशाला सांगता? एक माणूस दुसऱ्याच्या नावाने जाळला गेला, आणि या सगळ्या सुशिक्षित, पगारी, पंख्याखाली बसलेल्या मंडळींपैकी एकाचीही झोप उडाली नाही. चूक झाली असेल, एवढं वाक्यसुद्धा कुणाच्या तोंडून निघालं नाही. दाखला मात्र वेळेवर मिळाला. त्यावर नाव बरोबर होतं.

वेदवतींनी पट्टी उचलली. हातात धरली तर थंड होती आणि वाटली त्याहून जड.

"चार वर्षं आपण पिंड देतोय, प्रद्यु."

"अप्पांच्या नावाने दिले, अम्मा. अप्पांनाच पोचले."

"नाव अप्पांचं. पोचले कोणाला?"

तो रिकाम्या रुमालाची घडी घालायला लागला.

"मग अप्पा कोठे आहेत?"

मुलगा चाळिशीचा. त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ओक्साबोक्शी रडला. त्याच्या केसांवरून हात फिरवताना वेदवतींची नजर बोळातल्या अंड्याकडे गेली. झोपाळा रिकामा होता. अजून दुपार व्हायची होती.

६

दुपारी त्यांनी कढई चढवली. प्रद्युम्नला जवळ पाटावर बसवलं आणि बजावलं, "काही ऐकलंस तरी उठायचं नाही. काही बोलायचं नाही."

"अम्मा, हे काय चाललंय?"

"विचारायचं राहिलंय एक. ते विचारते."

वाळू तापली. दाणे पडले. थोड्याच वेळात बाहेरून सुरू झालं. कर्र. फरफट. प्रद्युम्नने आईचा पदर धरला, लहानपणी धरायचा तसा मुठीत.

वेदवती झारा फिरवत होत्या. ओठ हलत होते. चाळीस वर्षं न उच्चारलेला शब्द तोंडातून काढायचा म्हणजे काय, ते त्या घरातल्या बायकांनाच ठाऊक. दोनदा नुसता श्वास निघाला. तिसऱ्यांदा आवाज फुटला, वर्गात हजेरी घेताना असायचा तसा, कोरडा आणि स्पष्ट.

"रघुनाथ. झालं का?"

झोपाळा थांबला.

ठोका आला नाही. दाणे वाळूत तडतडत होते. वेदवतींना वास येत नव्हता, पण प्रद्युम्नला येत होता. आधी खमंग आला, मग खरपूस, मग कडवट. "अम्मा, करपतंय." त्यांनी कढई उतरवली नाही. पुन्हा विचारलं. "रघुनाथ, झालं का?" धूर वर चढला. बाहेर कोणीही ठोकलं नाही.

मग फळी कुरकुरली. वजन उठलं. एक पाऊल पडलं आणि त्यामागून दुसरं ओढत गेलं. आवाज त्यांच्याकडे येत नव्हता. पुढच्या दाराकडे चालला होता, सावकाश, भिंतीला धरून. पंक्तीत चुकून बसलेल्या माणसाला कोणी ओळखावं आणि त्याने पान तसंच सोडून उठावं, तसा.

वेदवतींनी अंड्याच्या पोटात बघितलं. दारातल्या उजेडात एक बुटकी पाठ होती. रघुनाथराव उंच होते. कमरेला गुंडाळलेलं पांढरं काहीतरी होतं, धोतर असेल, नाहीतर प्लास्टिक असेल. उंबरा ओलांडायला त्याने ताठ पाय दोन्ही हातांनी उचलला. उचलला आणि तसाच अधांतरी धरून तो उभा राहिला. पुढे कुठे जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

या बाईपुढे त्या क्षणी काय होतं, ते नीट बघायला हवं. तो माणूस गेला की त्या घरात "अहो" ला ओ द्यायला कोणी उरणार नव्हतं. आणि तो राहिला, तर तो आपला नव्हता, हे रोज चारच्या सुमाराला कळणार होतं.

त्यांनी गॅस बंद केला. करपलेले दाणे, वाळूसकट, मोरीत ओतले. कढईत नवी वाळू घातली, नवे दाणे घातले, गॅस लावला. प्रद्युम्न म्हणाला, "जाऊ दे त्याला, अम्मा. जाऊ दे."

"कोठे जाऊ दे? त्याचं घर कोणी सांगितलंय त्याला?"

आणि मग दाराकडे, अनोळखी पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, बसा. दाणे खाऊन जा."

खूप वेळ काही झालं नाही. प्रद्युम्नने डोळे मिटून घेतले होते. दाण्यांची पहिली तडतड झाली, दुसरी झाली. मग पाय ओढत परत आला. फळी एका टोकाला कुरकुरली.

वेदवती झारा फिरवत राहिल्या. दाणे फिके भाजून झाले असतील, रघुनाथरावांच्या हिशेबाने उतरवायची वेळ आली असेल आणि गेली असेल, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्या थांबल्या. आणखी थांबल्या.

"झालं का?"

टक, टक.

७

वेदवती अजून त्याच घरात राहतात. प्रद्युम्नने होसूरला चल म्हणून हरप्रकारे सांगून बघितलं. दाणे आता गडद भाजले जातात आणि राजेश्वरीला फार आवडतात. पट्टी देवघरात नाही, कपाटातही नाही. झोपाळ्याच्या फळीवर, टोकाला ठेवलेली असते, वाटीशेजारी. तिच्यावर कारखान्याने कोरलेला नंबर आहे. आगीने तो पुसला नाही. भिंग न लावताही वाचता येतो. कोणाच्या पायात बसवली, ते त्या नंबरावरून शोधता येतं. शोधायचं ज्यांनी, त्यांनी तो अजून उतरवूनही घेतलेला नाही.

परवा राजेश्वरी विचारत होती, मामी, हल्ली रोज बसने कुठे जाता? वेदवती आसपासच्या गावांना जातात, आज इन्नंबूरला, उद्या तिरुप्पनंदाळला, परवा मरुदानल्लूरला. भर दुपारी, घरची कढई चढवायच्या वेळेआधी, अनोळखी गल्ल्यांमधून हळूहळू चालतात. दाणे भाजणारी बाई दिसली की उंबऱ्याशी थांबून पाणी मागतात, आणि मग विचारतात: तुमच्याकडे हल्ली दाणे कच्चे राहतात का? वेळेआधीच उतरवावेसे वाटतात का? बाहेरून कोणी फळीवर, दारावर, कशावर तरी दोनदा ठोकतं का?

बायका त्यांना वेडी समजतात आणि पाणी देतात.

प्रद्युम्नला निरोप आला त्या दिवशी इस्पितळाच्या मागच्या दारातून आणखीही माणसं प्लास्टिकमध्ये बांधून बाहेर गेली. त्यांत रघुनाथराव होते, आणि ते कुठल्या तरी घरी दुसऱ्या कोणाच्या नावाने गेले. त्या घराचा पत्ता इस्पितळाकडे आहे. तो अजून कोणी दिलेला नाही.